ठेच्यावर इंग्रज तपासणाऱ्या वत्सलाताई

"श्वास घ्या! घ्या, घ्या, अजून घ्या! आता धरा! सोडायचा नाही! दामले, सोडायचा नाही म्हणते ना मी!"

मी सोडला नव्हता. तो आपण होऊन गेला होता. भाद्रपदातल्या चतुर्थीला, नॉटिंगहॅमच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलावर उताणं पडून, शर्ट गळ्यापर्यंत वर गेलेला, आणि उजव्या बरगडीखाली वत्सलाताई देवरुखकरांची चार बोटं मनगटापर्यंत रुतलेली, अशा अवस्थेत कुठला श्वास कुणाकडे थांबेल? ती बोटं आणखी जरा आत गेली असती तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आली असती. माझ्याभोवती अख्खं महाराष्ट्र मंडळ हातात कागदी पत्रावळी घेऊन उभं होतं.

"वत्सलाताई," मंडळाचे सेक्रेटरी कुलकर्णी काकुळतीने म्हणाले, "टेबल लागतंय हो. मसालेभात ठेवायचाय."

"ठेवा की. पायांकडे जागा आहे."

"अहो, पण गणपतीसमोर हे असं उघडं पोट..."

"त्यानं स्वतःचं कुठे झाकलंय?"

कुलकर्ण्यांनी वळून मूर्तीकडे पाहिलं आणि पातेलं निमूट माझ्या पायांशी ठेवलं. तेवढ्यात वत्सलाताई किंचाळल्या, "सापडलं! लिव्हर सापडलं!" मागच्या रांगेतल्यांना वाटलं आरती सुरू झाली. त्यांनी मोरया म्हटलं. माझ्या यकृताचा एवढा जयघोष ना त्याआधी कधी झाला, ना त्यानंतर.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं.

वत्सलाताई मूळच्या संगमेश्वराकडच्या. मिरजेला नर्सिंग शिकल्या, विशीत इंग्लंडला आल्या, हॉस्पिटलात रात्रपाळ्या केल्या आणि मग एका डॉक्टरांच्या सर्जरीत नर्स म्हणून लागल्या. सर्जरी म्हणजे इथे साधा दवाखाना. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही, वत्सलाताई रोज सर्जरीला जातात म्हटल्यावर ती बिचारी त्यांच्यासाठी रोज दिवा लावायची. त्या सर्जरीत ताईंची खोली होती. खोली म्हणायचं आपलं. दार आत उघडायचं, त्यामुळे पेशंट आधी बसवायचा, मग त्याचे गुडघे उचलायचे, आणि मग दार लावायचं. खिडकी नाही. डॉक्टर आपल्या खोलीत माणूस तपासणार, काय झालंय ते ठरवणार, आणि मग चिठ्ठी देऊन इकडे पाठवणार: याला ड्रेसिंग करा, हिला इंजेक्शन द्या.

"माणसं माझ्याकडे येत नाहीत, दामले," त्या एकदा कुंपणावरून मला म्हणाल्या होत्या. आमची घरं समोरासमोर, पण त्या कुठल्याही कुंपणाशी उभ्या राहून बोलल्या तरी मला घरात ऐकू यायचं. "पाठवली जातात. पार्सलासारखी. इतकी वर्षं झाली, एकानंही मला विचारलं नाही की सिस्टर, मला काय झालंय?"

ऐंशीचं दशक सरता सरता या देशात एक नवीन प्रकार सुरू झाला: नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे अशी नर्स, जी स्वतः पेशंटला विचारणार, स्वतः तपासणार, आणि पुढे काय करायचं ते स्वतः ठरवणार. त्याचा कोर्स बर्मिंगहॅमला. आठवड्यातून एकदा ट्रेनने जायचं, शेवटी लेखी परीक्षा आणि त्याहून अवघड म्हणजे प्रॅक्टिकल. सर्जरीतल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं होतं, सिस्टर, तुम्ही पास झालात तर कोपऱ्यातली खिडकीवाली खोली तुमची, आणि तिथे येणारे पेशंटही तुमचे. नापास झालात तर एकदाच पुन्हा बसता येतं. त्यानंतर परत पार्सलं.

तेव्हा वत्सलाताईंनी पदर खोचला. तो खोचल्याचा आवाज शेजारच्या डर्बी शहरापर्यंत गेला.

त्यांचा आवाज हा स्वतंत्र विषय आहे. त्या कुजबुजल्या तरी समोरच्या टेकडीवरची मेंढरं माना वर करायची. इंग्रज माणसांना कमी ऐकू येतं, अशी त्यांची समजूत होती, आणि त्यांच्याशी बोलून झाल्यावर ते खरंही व्हायचं. पण आवाजाइतकंच त्यांचं बोट प्रसिद्ध होतं. छाती तपासताना एक हात अंगावर पसरून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकतात ना, आत हवा आहे की पाणी ते कळायला? तो धडा झाल्यापासून त्या बोटाला विसावा नव्हता. बाजारात कलिंगडं ठोकायच्या. त्यात काही विशेष नाही, कलिंगड सगळेच ठोकतात. पण त्या कोबीही ठोकायच्या. आमच्या नव्याने प्लॅस्टर केलेल्या भिंतीवर बोलता बोलता चार ठोके मारून म्हणाल्या, "इथे पोकळ आहे. बिल्डरला बोलवा." बिल्डर आला, त्याने भिंत उकरली, तर आत विटांच्या जागी वर्तमानपत्रं कोंबलेली. तो बिल्डर पुढे रस्त्यात वत्सलाताई दिसल्या की कोटाची बटणं लावून घ्यायचा.

कुठेही गेल्या तरी त्या माणसांची नखं बघत. लेस्टरला एका लग्नात सगळ्या बायका नवरीची मेंदी बघायला जमल्या. ह्यांनी तिचा हात धरला, उलटा केला, आणि भर मंडपात निदान जाहीर केलं: "मुलीला आयर्न द्या." नवऱ्याकडच्या मंडळींना वाटलं, आहेरात इस्त्री राहिली. इस्त्र्या आल्या, चांगल्या पाच-सहा. मुलगी फिकट ती फिकटच राहिली.

मंडळात डॉक्टर पुष्कळ. रांगेत उभं राहिलं तर मागेपुढे डॉक्टरच. त्यांनी ताईंना जीव लावून शिकवलं, हे मान्य करायला हवं. फक्त एकजण एकदा म्हणाले, "अहो सिस्टर, आम्ही आहोत ना. तुम्हाला कशाला हवा हा व्याप?"

"तुम्ही आहात हो," ताई म्हणाल्या, "पण तुमची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे. तोवर माणसानं काय करायचं? धीर धरायचा?"

घरी तर शाळाच होती. त्यांचे यजमान, बापू देवरुखकर, सायकलच्या कारखान्यात कामाला. शब्द जपून वापरणारा माणूस. लग्नात त्यांनी घेतलेला उखाणाही अर्धाच होता म्हणतात. बापू कामावरून आले की सोफ्यावर पडायचे आणि त्यांना त्या दिवशीचा आजार नेमून दिला जायचा. सोमवारी दमा, मंगळवारी मूतखडा. मुलगी मीरा, नॉटिंगहॅममध्येच जन्मलेली, शाळेतून आली की परीक्षक व्हायची. हातात सायकलची घंटी घेऊन बसायची, कारण खऱ्या परीक्षेतही एकेका खोलीत एकेक पेशंट असतो आणि घंटी वाजली की पुढच्या खोलीत जायचं.

"अहो, कुठे दुखतंय?" ताई विचारायच्या.

"तू सांगशील तिथे," बापू.

"असं नाही! पेशंटसारखं सांगा. कधीपासून दुखतंय?"

"लग्नापासून."

टिंग! "आई, तू हात नाही धुतली! फेल!"

"आत्ताच कणीक मळून हात धुतलेत मी!"

"पण तू धुतली असं एक्झॅमिनरने बघितला नाही. फेल! नेक्स्ट पेशंट!"

नेक्स्ट पेशंट म्हणजे पुन्हा बापूच. ते कूस बदलायचे, की झाले दुसरे गृहस्थ.

मेंदूपासून निघणाऱ्या नसांची नावं ताईंनी ओवीच्या चालीवर बसवली होती. पहिली माझी ओवी म्हणत सुरुवात व्हायची ती वास घेणाऱ्या नसेवर, आणि कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत जिभेची नस यायची. माझी बायको भाजी निवडताना तीच चाल गुणगुणायला लागली. एकदा तिची बहीण पुण्याहून आली, तिने ऐकलं आणि विचारलं, "कुठल्या संतांचं गं?"

पण शिकायचं म्हणजे नुसते बापू पुरत नाहीत. निरनिराळी पोटं, निरनिराळ्या छात्या लागतात. त्या कुठून आणायच्या? मंडळातून. सुरुवातीला मंडळी लाजली. मग एकदा कळलं की फुकटात कुणीतरी आपलं दुखणं मन लावून ऐकून घेतंय. मग काय विचारता! हळदीकुंकू असो, दिवाळीचा फराळ असो, वत्सलाताईंच्या खुर्चीपुढे रांग. आणि आपला माणूस दुखणं सांगतो कसं? डोकं दुखत असेल तर "कवटी फुटतेय." चकली जास्त झाली असेल तर "आता मी काही यातून उठत नाही, पोरांना बोलवा." कुलकर्ण्यांच्या पायाला गोखरू झालं होतं, तर त्यांनी मृत्युपत्र कुठल्या कपाटात आहे ते सांगितलं.

ताईही तयार झाल्या. त्यांनी याला भागाकार म्हणायला सुरुवात केली. "आपला माणूस जे सांगतो ना, दामले, त्याला चारनं भागायचं. 'मेलो' म्हणाला की गॅस. 'जीव जातोय' म्हणाला की दोन दिवस पोट साफ नाही." वर्षभर हा भागाकार चालला. कान असा घासून-पुसून तयार झाला की मंडळाच्या पिकनिकला कुणी दरडीवरून खाली गेला आणि ओरडला, तरी ताई इथून सांगायच्या: "फक्त घोटा."

आणि हा भागाकार घेऊन त्या बर्मिंगहॅमला परीक्षेला बसल्या.

बाकीच्या खोल्या उत्तम गेल्या. शेवटच्या खोलीत एक वयस्क इंग्रज गृहस्थ बसले होते. खरे पेशंट नव्हेत. परीक्षेसाठी आजारी माणसाची बतावणी करणारे नट असतात, त्यांतले एक. ताईंनी विचारलं, काय होतंय? गृहस्थ म्हणाले, खरं तर काही नाही, छातीत जरासं अवघडल्यासारखं वाटतंय, बायकोने उगीच पाठवलं. जरासं! ताईंच्या डोक्यात भागाकार सुरू. जरासं भागिले चार म्हणजे उरलं काय? त्यांनी गृहस्थांना पित्ताचं औषध घ्यायला सांगितलं, रात्रीचे बटाटे बंद केले आणि हसतमुखाने निरोप दिला. घंटी वाजली. नटाला वठवायला दिलेला आजार होता हार्ट ॲटॅक.

"कागदावर तो जिना उतरायच्या आत मेला, दामले," दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या. आणि भयंकर गोष्ट अशी की हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "इतकी वर्षं ह्या लोकांना इंजेक्शनं देतेय. ते कसे बोलतात ते मला माहीत नाही का? पण ऐन वेळी कानानं दगा दिला. मंडळाचा कान घेऊन गेले मी."

त्यानंतर आमच्या रस्त्यावर अशी शांतता पसरली की लोक बावरले. पक्षी घरटी सोडून गेले. पोस्टमनने माझ्याकडे चौकशी केली. पलीकडच्या एका बाईंनी तर सांत्वनाची फुलं आणून ठेवली, कोण गेलंय ते न विचारता.

शेवटी आर्थर आला. आर्थर त्यांचा लागून शेजारी. जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, आता रिटायर होऊन कांद्याची पात आणि पातीसारखीच पण मनगटाएवढी जाड लीक लावणारा. त्या भागात सगळे एकमेकांना लाडाने 'डक' म्हणतात, बदक. सुरुवातीला ताईंनी एका बस ड्रायव्हरला यावरून बसमधून उतरवलं होतं. आर्थर मागच्या दाराशी येऊन म्हणाला, "भिंतीतून आवाज येत नाही, डक. म्हटलं बघावं."

ताईंनी त्याला बसवलं, चहा दिला, तव्यावर थालीपीठ होतं ते दिलं. मी तिथेच होतो, म्हणून खात्रीने सांगतो. टेबलावर वाटीत हिरव्या मिरचीचा ठेचा होता, संगमेश्वरी हाताचा, ज्याच्या वासाने खिडकीच्या काचेला घाम यायचा. आर्थरला वाटलं, ही वाटाण्याची चटणी. त्याने चमचा भरला, आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत तो चमचा आत गेला.

माणूस आधी लाल झाला. मग जांभळा. मग, मी शपथेवर सांगतो, थोडा वेळ हिरवाही झाला. डोळ्यांतून धारा, कानांतून वाफ; डोक्यावरची टोपी इंचभर वर उचलली गेली आणि पुन्हा बसली. ताईंनी एका हाताने त्याची नाडी धरली, दुसऱ्या हाताने दही पुढे केलं आणि विचारलं, "आर्थर! काय होतंय? मला सांगा!"

आर्थरने गिळलं. टेबलाची कड धरली. आणि म्हणाला,

"जरासं गरम आहे."

वत्सलाताई जागच्या जागी थिजल्या. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मूळ पदावर आला. "दामले! ऐकलंत? हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत जळतोय, आणि म्हणतो जरासं गरम! जरासं! त्या खोलीतला म्हातारा जरासंच म्हणाला होता!"

त्या क्षणी परीक्षेची दुसरी तयारी सुरू झाली. मंडळ बंद, भागाकार बंद. आता गुणाकार. आणि गुणाकाराचा पाढा शिकायला त्यांनी जे केलं ते जगातल्या कुठल्याही मेडिकल कॉलेजात होत नसेल. त्यांनी आमचा अख्खा रस्ता चहाला बोलावला. आधी नीट सांगून, की हे तिखट आहे, फार तिखट आहे, पण मला अभ्यासासाठी तुमची मदत हवी आहे. इंग्रज माणूस मदतीला नाही म्हणत नाही, तिथेच तो फसतो. बिस्किटाच्या टोकाला लागेल एवढा ठेचा, मग थोडा जास्त, मग आणखी थोडा. आणि ताई समोर बसून तोंडाकडे बघणार, नाडी धरणार, आणि काय शब्द निघतो तो ऐकणार.

दूधवाला "छान आहे" म्हणाला आणि दुधाच्या अर्ध्या बाटल्या तिथेच पिऊन गेला. चर्चचे पाद्री "इंटरेस्टिंग" म्हणाले. नंतर बापूंनी त्यांना आपल्या मागच्या अंगणात आकाशाकडे बघत काहीतरी पुटपुटताना पाहिलं. आणि सगळ्यात शेवटी शाळेच्या रिटायर झालेल्या हेडमिस्ट्रेस, ताठ कण्याच्या. त्यांना वाटलं, पाद्र्यांपेक्षा आपण मागे राहू नये. त्यांनी अर्धा चमचा घेतला. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. भिंतीला हात टेकला. भिंतीवरून हळूहळू खाली येत, अगदी जमिनीशी पोचल्यावर, त्या ताईंना म्हणाल्या, "माफ करा हं, तुम्हाला उगाच त्रास. मला काही गाजावाजा करायचा नाहीये."

"बस्स!" ताई मला म्हणाल्या, हेडमिस्ट्रेसना दही पाजत पाजत. "हेच ते टोक. कळलं का दामले? आपलं माणूस दुखलं की बोलायला लागतं. हे लोक दुखलं की गप्प होत जातात. आणि इंग्रज माफी मागायला लागला ना, की समजावं, वेळ थोडा आहे."

ह्या सगळ्या दंग्यात एक दुपार मात्र वेगळी होती. आर्थरने आपणहून छाती देऊ केली होती, अभ्यासाला. त्याच्या शेडमध्ये, खुरपी-कुदळींच्या मधे, तो उघडा बसला आणि ताईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. मी दारात लीकची जुडी घेऊन उभा. ताई ऐकत राहिल्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्यांना इतका वेळ न बोलता मी कधी पाहिलं नव्हतं. खाणीत घालवलेली सगळी वर्षं त्या छातीत बसलेली होती.

"काही आहे का?" आर्थरने विचारलं.

"आहे," ताई म्हणाल्या. "आणि तुम्हाला माहीत आहे."

"हो," आर्थर म्हणाला, आणि शर्टाची बटणं लावू लागला. मग शेवटच्या बटणाशी आल्यावर: "विचारलं कुणी नव्हतं."

ताईंनी त्याला सर्जरीत न्यायचंच ठरवलं आणि नेलंही, बखोटीला धरून. पण त्या संध्याकाळी त्यांनी ओव्या म्हटल्या नाहीत. पुस्तक उघडून बसल्या, तशाच.

दुसऱ्या परीक्षेला बर्मिंगहॅमला मीच गाडीने घेऊन गेलो. मागे बापू आणि मीरा. मोटरवेवर रस्त्याचं काम चाललेलं, गाड्या गोगलगायीला वाट देत चालल्या होत्या. ताई पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्ड ठोकत होत्या. "दामले, तुमच्या गाडीच्या डाव्या बाजूला पाणी आहे."

"आई, स्टॉप इट," मीरा म्हणाली, "तू मला नर्व्हस करतो."

"'करतेस' म्हण."

"हो, तेच. करतेस."

त्या आत गेल्या. आम्ही कार पार्कमध्ये डबा उघडून बसलो. बापूंनी एक पोळी हातात धरली ती धरूनच ठेवली. किती वेळ गेला कोण जाणे. आणि एकाएकी त्या चार मजली इमारतीच्या आतून, काचा, भिंती, दारं सगळं भेदून, आम्हाला परिचित असा आवाज आला:

"ॲम्ब्युलन्स! ताबडतोब! कुणी आहे का तिथे? ॲम्ब्युलन्स!"

"मेलो," मी म्हणालो.

"आई गेली," मीरा म्हणाली.

बापूंनी पोळी खाली ठेवली.

झालं होतं असं. शेवटच्या खोलीत एक आजीबाई होत्या, लोकरीच्या कार्डिगनमधल्या, हात मांडीवर जुळवून बसलेल्या. ताईंनी हात धुतले, सगळ्यांना दिसतील असे धुतले, आणि विचारलं, काय होतंय? आजीबाई म्हणाल्या, "माफ करा हं डिअर, तुम्हाला किती कामं असतील. मला काही गाजावाजा करायचा नाहीये."

इथे परीक्षार्थीने काय करायचं असतं? शांतपणे दोन-चार प्रश्न विचारायचे, तपासायचं, आणि कोपऱ्यात बसलेल्या परीक्षकांकडे वळून सौम्य आवाजात म्हणायचं, की मी आता ॲम्ब्युलन्स बोलावेन. ताईंनी प्रश्न विचारले. तपासलंही, सगळं, रीतसर. पण 'बोलावेन' म्हणण्याच्या जागी त्या ही परीक्षा आहे हेच विसरल्या. दार उघडून कॉरिडॉरमध्ये ओरडल्या. खालच्या मजल्यावरच्या चौकीदाराने तो आवाज ऐकला आणि नाइन नाइन नाइन फिरवला. आमच्या डोळ्यांसमोर निळे दिवे फिरवत खरी ॲम्ब्युलन्स आली. दोन धिप्पाड माणसं स्ट्रेचर घेऊन धावत वर गेली. आता त्या नटी आजीबाईंनी सांगायला नको, की बाबांनो, मी ठणठणीत आहे? पण त्या पडल्या इंग्रज. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना परत कसं पाठवायचं? त्या निमूट स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. चादर ओढून घेतली. अर्ध्या जिन्यात परीक्षकांनी गाठलं म्हणून, नाहीतर त्या ॲडमिट झाल्या असत्या.

ताई बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा फटक. "गेलं, दामले. खोली गेली, खिडकी गेली. मी परीक्षेत ओरडले." त्यांनी बापूंच्या खांद्यावर डोकं टेकलं, भर कार पार्कमध्ये. बापूंनी तो खांदा हलवला नाही.

तेवढ्यात त्या कार्डिगनवाल्या आजीबाई चहाचा कप घेऊन पायऱ्या उतरून आल्या, थेट ताईंजवळ.

"मी सकाळपासून त्या खोलीत मरतेय, डिअर," त्या म्हणाल्या. "इतक्या मनापासून कुणी वाचवलं नव्हतं." आणि चहा संपवून पुन्हा मरायला वर गेल्या.

पुढे परीक्षकांची बरीच चर्चा झाली म्हणे. एकांचं मत, हे शिस्तीत बसत नाही. दुसऱ्या बाई म्हणाल्या, निदान बरोबर, तपासणी बरोबर, निर्णय बरोबर. आवाजाला मार्क नसतात, त्यामुळे कापायचे कुठून? ताईंच्या ट्यूटरचा फोन आला तेव्हा मी समोरच्या माझ्या घरात होतो, दारंखिडक्या बंद, रेडिओ चालू. तरीही मला निकाल ताईंबरोबरच कळला. माझ्या कपाटातल्या बशाही टाळ्या वाजवत होत्या.

खिडकीवाली खोली मिळाली. दारावर नावाची पाटी लागली, देवरुखकर हे एवढं मोठं नाव त्या एवढ्याशा पाटीवर बसवायला पाटीवाल्याने अक्षरं पोट आत ओढून उभी केली होती. पण म्हणून काय लोक आले? पहिले काही आठवडे रिसेप्शनवर पेशंट विचारायचे, "डॉक्टर नाहीत का?" आणि डॉक्टरांसाठी थांबून राहायचे. ताई आपल्या खोलीत टेबलावर हात ठेवून बसायच्या. खिडकीबाहेर एक चेरीचं झाड होतं. त्याच्या पानापानाची तपासणी झाली, असं त्या मला म्हणाल्या, आणि हसल्या. पण ते हसू काही मला आवडलं नाही. परीक्षा पास होणं वेगळं, माणसांनी आपल्याकडे येणं वेगळं, आणि त्याची घंटी काही कुणी वाजवून देत नाही.

मग माझी नोकरी बदलली, आम्ही लंडनजवळ मेडनहेडला राहायला गेलो. तिथे सगळे कॉम्प्युटरवाले. कुणाचं पोट ठोकायची सोय नाही. फोन व्हायचे. म्हणजे ताई बोलायच्या, मी रिसीव्हर टेबलावर ठेवून जेवायचो.

चार-पाच वर्षांनी कामासाठी नॉटिंगहॅमला जाणं झालं. म्हटलं, ताईंना सर्जरीतच गाठावं. वेटिंग रूममध्ये शिरलो तर गर्दी. कोपऱ्यातल्या खोलीचं दार बंद, आणि दाराआडून: "श्वास घ्या! घ्या, घ्या! आता सोडा हळूच. अगदी हळूच." आवाज तोच, पण शेवटची दोन वाक्यं मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. मी एका म्हाताऱ्या इंग्रजाशेजारी बसलो. डोक्यावर चपटी टोपी, हातात पेपरातलं घोड्यांच्या शर्यतींचं पान. माझ्याच्याने राहवेना. मी त्याला विचारलं, तुम्हाला माहीत आहे का, आत जी बाई आहे ती कोण आहे? आणि तो काही म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. लिव्हर, ठेचा, पाद्री, भिंतीवरून घसरलेल्या हेडमिस्ट्रेस, जिन्यातलं स्ट्रेचर. हातवारे करून, आवाज काढून. जिथे जरा पातळ वाटलं तिथे थोडं माझं घातलं. समोरच्या बाईंनी विणकाम थांबवलं. म्हाताऱ्याने पान उलटलं.

तेवढ्यात रिसेप्शनिस्ट बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "सिस्टर देवरुखकरांना अजून बराच वेळ लागेल हो. डॉक्टर आत्ता मोकळे आहेत. त्यांच्याकडे जाता का?"

"मी थांबतो," तो म्हणाला.